पिल्लं निघतात पण टिकत नाहीत? मेलेलं पिल्लू कितव्या दिवसाचं होतं ते आधी बघा

खुडूक, म्हणजे उबवायला आलेली, कोंबडी अंड्यांवर बसवली, २१ दिवस जपली, दहा-अकरा पिल्लं निघाली, आणि महिन्याभराने तिच्यामागे फिरणारी मोजली तर तीन. पुढच्या खेपेला परत तेच. आमच्या निफाड तालुक्यात मळ्यात राहणाऱ्या, दारात पाच-दहा गावरान कोंबड्या असलेल्या बहुतेक घरांची ही तक्रार आहे. कारण विचारलं की "रोग आला" म्हणतात, नाहीतर "आमच्याकडे पिल्लं धरतच नाहीत". मीसुद्धा बरीच वर्षं हेच म्हणत आले. दुकानातून एखादी पावडर आणायची, पाण्यात टाकायची, आणि तरी सकाळी खुराडं उघडलं की एक पिल्लू कोपऱ्यात ताठ पडलेलं.

फरक पडला तो एका साध्या गोष्टीने. आमच्या सासूबाई कोंबडी बसवली की खुराड्याच्या भिंतीवर कोळशाने रोज एक रेघ ओढतात. २१ रेघा झाल्या की पिल्लं. एका वर्षी मी त्या रेघा पिल्लं निघाल्यावरही चालू ठेवल्या आणि ज्या दिवशी पिल्लू गेलं त्या दिवसाच्या रेघेवर फुली मारली. तीन खेपांच्या रेघा एकाखाली एक आल्या तेव्हा दिसलं की फुल्या सगळीकडे विखुरलेल्या नाहीत. पहिल्या तीन दिवसांत बऱ्याच, मग आठव्या दिवसापासून पंधराव्यापर्यंत, आणि मग एकदम चौथ्या-पाचव्या आठवड्यात. मधल्या दिवसांत जवळजवळ काही नाही. एकच रोग असता तर फुल्या अशा गठ्ठ्यागठ्ठ्याने आल्या नसत्या. तीन वयांत तीन वेगळ्या गोष्टी पिल्लं नेत होत्या आणि मी तिन्हींवर तीच पावडर देत होते.

त्यामुळे आता कोणी विचारलं की मी पहिलं हेच विचारते, पिल्लू कितव्या दिवसाचं होतं? खाली लिहिलंय ते त्याच क्रमाने.

पहिल्या तीन दिवसांत गेलं तर

ही चूक बहुतेक वेळा अंडी बसवतानाच झालेली असते. पिल्लू नंतर मरतं, पण कारण तीन आठवडे जुनं असतं.

डिसेंबरातली गोष्ट सांगते. निफाडची थंडी माहीतच आहे, पहाटे पारा ५-६ अंशांवर येतो. सकाळी बघते तर कोंबडी सात पिल्लं घेऊन अंगणात उतरलेली आणि पाटीत चार अंडी तशीच. हात लावला तर गार. एकाला तडा गेलेला, भोकातून चोचीचं पिवळट टोक दिसत होतं आणि अगदी बारीक आवाज येत होता. ते अंडं मऊ सुती कापडात गुंडाळून चुलीपासून हातभर लांब, नुसती ऊब लागेल असं ठेवलं. दुपारी पिल्लू बाहेर आलं, अंधार पडल्यावर आईच्या पंखाखाली सरकवलं आणि तिने घेतलं. बाकीची तीन संध्याकाळी फोडून पाहिली. दोघांत पूर्ण वाढलेली पिल्लं होती, एकात अर्धवट.

झालं असं होतं की बसलेल्या कोंबडीच्या पाटीत दुसऱ्या कोंबड्या दिवसा येऊन अंडी घालत होत्या. ती अंडी दोन-तीन दिवस, काही तर आठवडाभर उशिराची. पहिली पिल्लं निघाली की आई एक-दीड दिवस वाट बघते आणि मग निघालेल्यांना घेऊन उठते. मागे राहिलेली गार पडतात. बरं, काही पिल्लं उठायच्या घाईत अर्धी ओली असतानाच तिच्यामागे पडतात, आणि थंडीत ओलं पिल्लू तासभरही काढत नाही.

उपाय पैशाचा नाही. सगळी अंडी एकाच संध्याकाळी बसवायची आणि प्रत्येकावर साध्या शिसपेन्सिलीने फुली करायची. स्केचपेन नको, कवचाला बारीक छिद्रं असतात. रोज कोंबडी दाण्याला उठली की पाटीत डोकवायचं, बिनफुलीचं अंडं दिसलं की उचलून घरात. त्याहून चांगलं म्हणजे खुडूक कोंबडीला वेगळ्या, अंधाऱ्या जागी बसवायचं. आम्ही कांदा चाळीच्या टोकाला पोत्याचा पडदा लावून जागा केली आहे. जागा बदलायची तर रात्रीच बदलायची, दिवसा हलवलेली कोंबडी जुन्या जागी पळते.

थंडीत अंडी कमी ठेवा. चांगल्या अंगाची गावरान कोंबडी एरवी १०-१२ अंडी झाकते, डिसेंबर-जानेवारीत मी ८-९ वर थांबते. कडेची अंडी बाहेर राहिली की ती रोज आत-बाहेर फिरवते, म्हणजे आज एक गारठतं, उद्या दुसरं, आणि शेवटी सगळीच कमकुवत निघतात.

पाटी कुठे ठेवलीय तेही बघा. पुष्कळ घरांत ती भिंतीला टांगतात किंवा माळ्यावर ठेवतात, मांजराच्या भीतीने. अंडी सुरक्षित राहतात, पण निघालेलं पिल्लू काठावरून खाली पडतं आणि वर चढू शकत नाही. आई वर बसून बाकीची उबवते, खालचं ओरडून ओरडून गार होतं. अठराव्या दिवशी रात्री पाटी जमिनीवर आणायची आणि भोवती आडोसा करायचा. पाटीत खाली राख आणि माती, वर भाताचा पेंढा किंवा बारीक गवत, मधे ताटलीसारखी हलकी खोलगट. फार खोल केलं की अंडी एकावर एक येतात.

पाणी. पसरट ताटली घ्या आणि तीत खडे टाका, पाणी खड्यांच्या मधे दिसेल एवढंच. वाडग्यात, डब्याच्या झाकणात, कुंडीच्या बशीत बुडून मेलेली पिल्लं मी स्वतः काढली आहेत. एक दिवसाचं पिल्लू बोटभर पाण्यातही उलटलं की उठत नाही. खाण्याची घाई मात्र करू नका. पोटात ओढून घेतलेल्या बलकावर पिल्लाचे दोन-तीन दिवस निघतात. काही खात नाही म्हणून चोच उघडून दाणे कोंबणारे लोक असतात, त्याने पिल्लू गुदमरतं.

अंडं फोडून पिल्लाला बाहेर काढायचं का, हा प्रश्न हमखास येतो. पहिला तडा गेल्यापासून पिल्लू बाहेर यायला दिवसभर लागू शकतो. त्या वेळात ते कवचाच्या आतल्या शिरांतलं रक्त आणि बलक आत ओढून घेत असतं. घाईने सोललं तर रक्त येतं. मी पूर्ण एक दिवस थांबते, त्यानंतरही आवाज चालू असेल आणि तडा पुढे सरकत नसेल तरच नखाने थोडं कवच मोकळं करते.

एक गोष्ट वेगळी ओळखा. पिल्लांच्या मागे पांढरं, चुन्यासारखं चिकटलेलं दिसतं, ती सुस्त पडतात आणि पहिल्या दोन आठवड्यांत पटापट जातात. एखाद्या पिल्लाची विष्ठा नुसती चिकटून वाट बंद झाली असेल तर कोमट पाण्याच्या बोळ्याने पुसली की बरं होतं, ओढायची नाही. पण बरीच पिल्लं तशी दिसली तर ती पांढरी हगवण असू शकते, आणि हा रोग कोंबडीच्या अंड्यातूनच पिल्लात येतो. बाहेरून धडधाकट दिसणारी कोंबडी तो बाळगून असते. अशा वेळी मेलेलं ताजं पिल्लू पिशवीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या आणि ती अंडी ज्या कोंबडीची असतील तिची पुन्हा बसवू नका. खायला हरकत नाही, नीट शिजवून.

अंडीच निघत नसतील तर तो वेगळा विषय आहे, थोडक्यात सांगते. सातव्या रात्री अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर अंडं धरा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर फळलेलं, नुसतं पिवळं-पारदर्शक दिसलं तर रिकामं. बरीच रिकामी निघाली तर कोंबडा म्हातारा झाला असेल किंवा कोंबड्या जास्त झाल्या असतील, आठ-दहा कोंबड्यांमागे एक चालता कोंबडा हवा. एप्रिल-मे मध्ये अंडी साठवताना फसगत होते, कारण नाशिकच्या उन्हाळ्यात घरातल्या उष्णतेनेच गर्भ वाढू लागतो आणि मधेच मरतो. ओल्या वाळूवर माठ ठेवून त्यात अंडी ठेवायची, आणि आठवड्याच्या आतलीच बसवायची. आणि कोंबडी रात्री अंड्यांवरून उठून बाहेर बसत असेल तर तिला दोष देऊ नका, पाटीत हात घालून बघा. हातावर बारीक तांबडे ठिपके चढले तर पिसवा (रेड माइट) आहेत. त्या दिवसा लाकडाच्या फटीत लपतात आणि रात्री तिचं रक्त पितात. पाटीतलं सगळं गवत जाळा, फटींत चुना भरा, नवीन गवताखाली राख आणि कडुनिंबाचा किंवा निर्गुडीचा पाला घाला.

दुसऱ्या आठवड्यात गेलं तर

या वयाची पिल्लं बहुतेक वेळा मेलेली सापडतच नाहीत, कमी होतात. आई त्यांना घेऊन लांब फिरायला लागलेली असते. कोणी नेलं हे खुणांवरून कळतं. दिवसा, उघड्यावर, एकेक करून जात असतील तर घार, शिक्रा नाहीतर कावळा. रात्रीतून एखादं नाहीसं होतं आणि खुराड्याच्या कोपऱ्यात माती उकरलेली दिसते, तर घूस किंवा उंदीर. काहीच खूण नाही आणि एकदम दोन-तीन नाहीत, तर साप. मुंगूस शिरलं तर खातं थोडं आणि मारतं सगळी, ते दृश्य लगेच ओळखू येतं. आमच्याकडे उसामुळे बिबट्याचीही भीती असते, पण तो पिल्लांसाठी येत नाही, मोठ्या कोंबड्या आणि कुत्री नेतो.

कोंबडीची म्हणून जी मोठ्या भोकांची जाळी मिळते ती पिल्लांच्या कामाची नाही, तिच्यातून उंदीर आणि साप आरामात येतात. खाली दीड फूट तरी अर्धा इंची वेल्डेड जाळी लावा आणि ती वीतभर जमिनीत गाडा. घारीसाठी आम्ही अंगणात एका जागी तुऱ्हाट्यांचा कमी उंचीचा मांडव केला आहे. आईने "घार आली" असा घोगरा आवाज काढला की पिल्लांना पळायला जवळ जागा हवी. मोकळ्या अंगणात त्या आवाजाचा काही उपयोग नसतो.

पण आमच्या भागात एक कारण असं आहे जे लोक सांगत नाहीत, आणि मला ते कळायला चार पिल्लं गमवावी लागली. ऑक्टोबर छाटणी झाली की द्राक्षबागेत औषधांचा हंगाम सुरू होतो. आधी वेलीचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट, मग डाऊनी आणि भुरी हे रोग आणि फुलकिडे यांच्यासाठी फवारण्या. ड्रममध्ये औषध कालवतात, ब्लोअरची टाकी भरतात, तिथे खाली डबकं साचतं. दुपारची वेळ होती. आई पिल्लांना घेऊन त्या डबक्याशी गेली. तिला बहुधा तहान नव्हती, ती माती उकरत राहिली, पिल्लं मात्र पाणी प्यायली. अर्ध्या तासात चार पिल्लं पाय ताणून पडली, अंगावर एक ओरखडा नाही. त्या दिवशी भिंतीवर चार फुल्या एकाच रेघेवर मारल्या.

आता फवारणीच्या दिवशी आणि पुढचे तीन-चार दिवस पिल्लंवाली कोंबडी जाळीच्या आत असते. टाकी भरायची जागा घरापासून लांब नेली आणि तिला कुंपण केलं. ओघळलेल्या औषधाच्या जागी कोरडी माती टाकायची हे फवारणी करणाऱ्या माणसांनाही सांगून ठेवलं आहे. तुमची बाग नसली तरी शेजाऱ्याची असेल. फवारणी कधी आहे ते आदल्या दिवशी विचारून घ्या, कोणी नाही म्हणत नाही.

चौथ्या-पाचव्या आठवड्यात गेलं तर

हे सगळ्यात जास्त मनाला लागतं, कारण पिल्लू तोवर हाताशी आलेलं असतं, पंखांची पिसं आलेली असतात. जून ते सप्टेंबर हा याचा काळ. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याच्या पावसाच्या पट्ट्यात तर विचारूच नका.

पिल्लू आईपासून थोडं बाजूला उभं राहतं. अंग फुगवलेलं, पंख खाली सोडलेले, डोळे मिटलेले, मान खांद्यात. हाकललं की दोन पावलं जातं आणि परत तसंच. खाली बघा, विष्ठेत लाल रक्त असेल तर रक्ती हगवण. साधारण तीन ते सहा आठवड्यांच्या वयात हिचा जोर असतो. एक सावधगिरी: कोंबड्या दिवसातून एक-दोनदा तपकिरी, चिकट, घाण वासाची विष्ठा टाकतात, ती नेहमीची आहे. तिला बघून औषध सुरू करू नका.

हा रोग एका अतिसूक्ष्म परजीवीचा आहे, तो आतड्यात वाढतो. मोठ्या कोंबड्यांना सवय झालेली असते, त्यांना काही होत नाही, पण त्यांच्या विष्ठेतून तो पडत राहतो. आता मुद्द्याची गोष्ट. विष्ठेतून पडल्या पडल्या तो बाधत नाही. त्याला ओल, हवा आणि ऊब मिळाली की साधारण एक-दोन दिवसांत तो बाधण्याजोगा होतो. म्हणजे पिल्लांची जागा रोज बदलली आणि कोरडी ठेवली तर त्याला तेवढा वेळच मिळत नाही. आणि फिनेल ओतून काही होत नाही, साध्या जंतुनाशकांना तो दाद देत नाही. मी दोन पावसाळे फिनेल ओतत होते, त्याने जमीन उलट जास्त ओली होत होती.

आता पावसाळ्यात आमचं असं चालतं. रात्री पिल्लं आणि आई मोठ्या डालग्याखाली, म्हणजे पालथ्या टोपलीखाली. सकाळी डालगं उचललं की ते उद्यासाठी कोरड्या जागी, शेडच्या आतच, दोन हात पुढे. खालचा भुसा रोज उचलून उकिरड्यावर. जमिनीवर चुना भुरभुरून वर नवा भुसा. चुन्याने परजीवी मरतो असं नाही, तो ओल ओढून घेतो, आणि तेवढं पुरतं. पाण्याची ताटली विटेवर, म्हणजे सांडलेलं पाणी भुशात जात नाही आणि पिल्लं ताटलीत हगत नाहीत. दाणे जमिनीवर फेकायचे नाहीत, पाटावर नाहीतर पत्र्याच्या तुकड्यावर. हाताने भुसा उचलून मूठ आवळा, लाडू झाला तर भुसा बदलायची वेळ गेली आहे.

रक्त दिसलं की त्याच दिवशी औषध लागतं, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. अँप्रोलियम पाण्यातून देतात. मात्रा पशुवैद्यकांना विचारून, कारण पाकिटं वेगवेगळ्या ताकदीची येतात. तेवढे दिवस दुसरं पाणी कुठेही मिळता कामा नये, पागोळीखालची बादलीसुद्धा उचला. आजारी पिल्लू खात नाही पण पाणी पितं, म्हणून औषध पाण्यातून. सगळ्या पिल्लांना द्यायचं, नुसतं मलूल दिसणाऱ्याला देऊन भागत नाही.

रक्त नसेल, हिरवट-पांढरी हगवण असेल, श्वास घरघरत असेल, मान वाकडी होत असेल आणि पिल्लांबरोबर मोठ्या कोंबड्याही पडत असतील तर ती मानमोडी, म्हणजे राणीखेत. तिला औषध नाही. लसच. पिल्लू ५ ते ७ दिवसांचं असताना लासोटाचा किंवा एफ-१चा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, आणि ६ ते ८ आठवड्यांचं झालं की आर-टू-बीचं इंजेक्शन, त्याच्या आठवडाभर आधी जंताचं औषध. अडचण ही की लसीची बाटली शंभर किंवा जास्त पिल्लांची येते आणि आपल्याकडे असतात दहा. बाटली एकदा कालवली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. आमच्या वस्तीवरच्या सहा-सात घरांनी यावर मार्ग काढला, सगळ्या जणी खुडूक कोंबड्या एकाच आठवड्यात बसवतो. एखादीची चार-पाच दिवस आधी खुडूक झाली तर तिला दोन खोटी अंडी देऊन थांबवून ठेवतो. मग पिल्लं एका वयाची येतात, एक जण बर्फाच्या थर्मासमधून बाटली आणते आणि तासाभरात सगळ्या घरांचं काम होतं. मलूल पिल्लाला मात्र लस देऊ नका, आधी बरं होऊ द्या.

कोणत्याच गठ्ठ्यात न बसणारी

कधी पिल्लं मरत नाहीत पण वाढत नाहीत, आणि मग पहिल्या पावसाच्या सरीत जातात. तिथे बहुतेक वेळा खाणं नुसत्या तांदळाच्या कणीचं असतं. कणीने पोट भरतं, अंग भरत नाही. पहिला महिनाभर पिल्लांचा स्टार्टर भरडा द्या, आईने तोच खाल्ला तरी चालतं. अंड्यांवरच्या कोंबड्यांचं खाद्य मात्र पिल्लांना नको, त्यातला चुना त्यांना झेपत नाही. विकतचं परवडत नसेल तर बाजरी-मक्याच्या भरड्यात शेंगदाण्याची पेंड आणि शेवग्याचा वाळवलेला पाला, आणि वाळवी. सासूबाई मातीच्या मडक्यात ओलं शेण, पाचट आणि चिंध्या भरून संध्याकाळी ते वाळवीच्या वारुळावर पालथं घालतात. सकाळी मडकं पिल्लांसमोर झटकलं की ती जी तुटून पडतात, ते बघायला आमची मुलं शाळेला उशीर करतात.

आणि एक. गिरिराज, वनराज, कावेरी अशा सुधारित जातीच्या कोंबड्या अंडी पुष्कळ देतात पण सहसा खुडूक बसत नाहीत, कडकनाथही बसायला कच्चीच. त्यांच्यावर विसंबून अंडी ठेवू नका. त्यांची अंडी गावरान कोंबडीखाली ठेवा. बसवण्यासाठी म्हणून घरात एक तरी जुनी, शांत, दोन-तीन खेपा काढलेली गावरान कोंबडी असू द्या आणि ती पाहुण्यांसाठी कापू नका.

दीड-दोन महिन्यांनी एक दिवस तीच आई पिल्लांना टोचायला लागते, दाण्यावरून हाकलते. फोन येतात की कोंबडी वेडी झाली का. नाही, तिला पुन्हा अंड्यावर यायचं आहे. त्या रात्री पिल्लांना वेगळ्या डालग्यात घ्या, दोन-तीन रात्री ती ओरडतील, मग एकमेकांना चिकटून झोपायला शिकतात. आईला पंधरा दिवस मका-गहू वाढवून द्या. तीन आठवडे अंड्यांवर आणि पुढे पिल्लांमागे तिने स्वतः फार थोडं खाल्लेलं असतं, उचलून बघा, छातीचं हाड हाताला लागेल.